पडणाऱ्या दातांचं काम

कुत्र्याच्या पिल्लाला दुधाचे दात २८. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ते हिरडीतून वर यायला लागतात, दोन महिन्यांचं होईतो तोंड भरतं आणि सहा-सात महिन्यांत सगळे पडूनही जातात. उणंपुरं अर्ध्या वर्षाचं आयुष्य. या काळात पिल्लू खातं काय, तर आईचं दूध, मग दूध-भाकरीचा काला, नाहीतर भिजवलेला खाऊ. शिकार करायची नाही, हाड फोडायचं नाही. फोडायचं म्हटलं तरी जबड्यात तेवढं बळ नाही. मग हे दात एवढे टोकदार कशासाठी? ओळखीच्या, शांत अशा मोठ्या कुत्र्याच्या सुळ्यावरून बोट फिरवून पाहा; तो जाड आणि टोकाशी जरा बोथट लागतो. दोन महिन्यांच्या पिल्लाचा सुळा नुसता टेकला तरी टोचतो. ज्याला चावून काहीही मिळवायचं नाही, त्याच्याच तोंडात सगळ्यांत तीक्ष्ण दात!

घरात पिल्लू आलं की हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला जातो: "हे चावणं थांबणार कधी?"

मोशीतल्या एका सोसायटीत, चौथ्या मजल्यावर, असंच एक पिल्लू आलंय. बुलडॉग, दहा आठवड्यांचं. वडील चाकणच्या कंपनीत, या आठवड्यात नाइट, म्हणून आतल्या खोलीत झोपलेले. बाहेर फरशीवर मुलगी अभ्यासाला बसलेली. पिल्लू मागून आलं आणि पेन्सिल धरलेलं मनगटच तोंडात घेतलं. मुलीने दचकून हात ओढला, पिल्लाने उसळी मारून पुन्हा पकडला, आणि कातडीवर दोन लाल ठिपके उमटले. "अगं, ओढू नको हात," आजी स्वयंपाकघरातून म्हणाली. "ओढलास की त्याला वाटतं तू पळतेयस." शेजारच्या काकांचा सल्ला निराळाच होता: नाकावर टिचकी मारायची, हाताला तिखट चोळून ठेवायचं, आणि तरी ऐकलं नाही तर उताणं पाडून दाबून धरायचं, म्हणजे मालक कोण ते कळतं.

दोघांत आजीचं बरोबर आहे. ते का, हे कळायला सोसायटीच्या गेटबाहेर पडावं लागतं.

भाद्रपदात रस्त्यावरच्या कुत्र्यांचे काय उद्योग चालतात ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. कुत्रीचे गाभणपणाचे दिवस साधारण ६३. त्या हिशेबाने कार्तिकात पिल्लं, मार्गशीर्षात दात, आणि पौषात खरी धमाल. दात फुटले की पहिला धडा आईकडून मिळतो. दूध पिताना तिला ते टोचू लागतात. आडवी पडून पाजणारी आई आता उभ्याने पाजते, मध्येच चालू लागते, फारच झालं तर गुरगुरते. आईला आता सुटायचंय आणि पिल्लाला अजून हवंय, या ओढाताणीचं गणित रॉबर्ट ट्रिव्हर्स या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने १९७४ साली मांडलं. आपल्याकडे कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्र आणि त्यांचे सहकारी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास करत आले आहेत. मनबी पॉल आणि भद्र यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात तर पिल्लांच्या दूधचोरीची नोंद आहे. स्वतःची आई पाजेनाशी झाली की ही पिल्लं शेजारच्या ओल्या कुत्रीला जाऊन लुचतात!

दुसरा धडा भावंडांचा, आणि तो बघायला चाकण एमआयडीसीतली चहाची टपरी पुरते. थंडीतल्या सकाळी टपरीमागे, राखेच्या उबेला दोन पिल्लं लोळत असतात. तांबडं पिल्लू काळ्याचा कान धरून ओढतं. जरा जास्तच. काळं केकाटतं, अंग सोडवून घेतं आणि चार पावलं लांब जाऊन पाठ करून बसतं. तांबडं जागच्या जागी उभं. खेळ बंद पडलाय आणि आपल्यामुळे पडलाय, एवढं त्याला कळलंय. मग ते पुढचे पाय जमिनीला टेकवतं, ढुंगण वर, शेपटी हलती. काळं वळून बघतं, परत येतं. पुन्हा तोच कान, पण या खेपेला जबडा सैल. मार्क बेकॉफ या अभ्यासकाने कुत्र्यांच्या खेळाचं बारकाईने निरीक्षण केलं, तेव्हा हे वाकणं कुठेही, कसंही येत नाही असं त्याला आढळलं. ज्या चावण्याचा गैरसमज होऊ शकतो त्याच्या अगदी आगेमागे ते जास्त येतं. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांना २००८ साली असंही दिसलं की नर पिल्लं मादी पिल्लांशी खेळताना बरेचदा मुद्दाम पडतं घेतात. दोन महिन्यांच्या जिवाला एवढं भान!

आता मूळ प्रश्नाकडे. चाकणच्या असेंब्ली लाइनवर काम केलेल्या कुणालाही टॉर्क रेंच माहीत असतो. नट किती आवळायचा ते त्यात आधी लावून ठेवतात. तेवढा जोर पडला की आतून 'टक्' होतं आणि हाताला कळतं, बस. त्यापुढे जोर लावला तर आटे जातात. पण हा 'टक्' रेंचमध्ये आपोआप बरोबर येत नाही. रेंच ठरावीक मुदतीने कॅलिब्रेशनला पाठवावा लागतो. खऱ्या मापाशी ताडून पाहिल्याखेरीज त्याच्या आकड्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. पिल्लाचा जबडा हा असा कॅलिब्रेशन व्हायचा राहिलेला रेंच आहे.

त्यातली यंत्रणा बघितली की थक्क व्हायला होतं. दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचा थर असतो आणि त्या थरात दाब ओळखणारी चेतातंतूंची टोकं असतात. दातावर जरा जोर पडला, दात किंचित कलला, की ती जागी होतात. जबडा मिटणाऱ्या स्नायूंतही ताण मोजणारे तंतू असतात. आणि शरीरात एरवी न आढळणारी गोष्ट इथे घडते. स्पर्श, ताण, वेदना यांची खबर आणणाऱ्या चेतापेशींची मुख्य शरीरं एरवी मेंदू-मज्जारज्जूच्या बाहेर, लहान गाठींमध्ये असतात. जबड्याच्या या पेशींपैकी पुष्कळशांनी मात्र थेट मेंदूच्या खोडात मुक्काम ठोकलाय, आणि जबडा हलवणाऱ्या पेशींपर्यंत त्यांचा निरोप फार थोड्या टप्प्यांत पोहोचतो. भातात खडा लागला की 'खडा लागला' असं मनात यायच्या आधीच आपला जबडा उघडतो, तो याच व्यवस्थेमुळे. माणूस काय, कुत्रा काय, सगळ्या सस्तन प्राण्यांत हा वारसा आहे.

म्हणजे आपल्या दाताखाली किती दाब पडला हे पिल्लाला कळतं. पण समोरच्याला किती दुखलं? ते सांगणारी एकही चेता त्याच्या तोंडात नाही. त्याला समोरचाच लागतो. आणि समोरच्याने 'दुखलं' म्हणायला हवं कधी, तर जबडा अजून कमजोर असताना, म्हणजे शिकण्यापायी कुणाचा कान तुटायला नको. दात बोथट असते तर त्या कमजोर जबड्याने कितीही चावलं तरी कुणी केकाटलं नसतं, आणि मापाचा पहिला धडा जबड्यात ताकद आल्यानंतर, म्हणजे फार उशिरा मिळाला असता. थोड्या जोरात भरपूर टोचणारे दात हवेत, तेही मोजक्या महिन्यांसाठी. ताकद आली की त्यांची गरज संपली. पडणाऱ्या दातांचं काम हे असावं.

हा विचार सर्वांत ठामपणे मांडला तो इयान डनबर या मूळच्या ब्रिटिश पशुवैद्याने. १९८०च्या दशकात त्याने अमेरिकेत पिल्लांचे मोकळे वर्ग सुरू केले. तिथे पिल्लांना साखळी न लावता एकमेकांत सोडलं जाई. कुत्रा चावला की किती चावला हे ठरवायला त्याने सहा पायऱ्यांची मोजपट्टीही केली: पहिलीत दात लागतच नाहीत, दुसरीत लागतात पण कातडी भेदत नाहीत, सहावीत माणूस दगावतो. कधीच चावणार नाही असा कुत्रा नसतो, असं त्याचं म्हणणं. दारात शेपूट चेंगरली, मूल झोपलेल्या कुत्र्यावर पडलं, की सज्जनातला सज्जन कुत्राही वळून तोंड टाकतो. त्या क्षणी तो दुसऱ्या पायरीवर थांबतो की चौथ्या, हे त्याच्या लहानपणी ठरलेलं असतं. म्हणून डनबर सांगतो, पिल्लाचं चावणं एका झटक्यात बंद करू नका. आधी जोर कमी करायला शिकवा, मग वेळा. हा प्रयोगशाळेतला निष्कर्ष नव्हे, हजारो कुत्री हाताळून आलेला अनुभव आहे. मला तो पटतो.

आता बुलडॉगची अडचण. एकेकाळी इंग्लंडात याला बांधलेल्या बैलाच्या अंगावर सोडत. १८३५ साली कायद्याने ते बंद झालं आणि कामातून गेलेला हा कुत्रा पुढे प्रदर्शनांत शिरला. जुन्या चित्रांतल्या बुलडॉगला बऱ्यापैकी लांब थोबाड दिसतं. ते आजच्याइतकं चपटं झालं ते प्रदर्शनांच्या काळात, माणसाच्या आवडीपायी. एडिंबरोच्या रोझलिन इन्स्टिट्यूटने २०१७ साली कुत्र्यांच्या कवट्यांचे सीटी स्कॅन आणि जनुकं ताडून पाहिली, तेव्हा एसएमओसी२ नावाच्या एका जनुकातला बदल चपट्या चेहऱ्याशी निगडित निघाला. थोबाडाच्या लांबीतला ३६ टक्क्यांपर्यंतचा फरक त्यावरून समजावता येतो. आखूड पिळदार शेपटीमागे आणखी एक जनुक आहे, ते २०१८ साली सापडलं.

याचा चावण्याशी संबंध काय? टपरीमागचं ते तांबडं पिल्लू शेपटीने, कानाने, ओठांच्या कडांनी बोलत होतं. साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी १९९७ साली दहा जातींची तुलना केली. लांडग्यांमध्ये भांडण आणि माघार यांचे जे १५ इशारे दिसतात, त्यांपैकी सायबेरियन हस्कीत पंधराही दिसले, फ्रेंच बुलडॉगमध्ये अवघे चार. आपल्या बुलडॉगचंही तसंच: हलवायला धड शेपूट नाही, नाकावर कायमच्या वळ्या, श्वास घेताना घुर्र घुर्र. दुसऱ्या पिल्लाला कळावं कसं की हे गुरगुरणं की नुसतं घोरणं? त्यात एकच पिल्लू झालं तर चावायला भावंडही नाही. तेव्हा बुलडॉगचं पिल्लू जास्त चावत असेल, तर ते बैलांशी झुंजणाऱ्या रक्तामुळे नव्हे. त्याला धडे कमी मिळालेले असतात, आणि मिळाले तेही धूसर.

आणि उरलेले धडे आपण कापतो. २०१७च्या केंद्र सरकारच्या श्वानपैदास नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. प्रत्यक्षात "चाळीस दिवसांचं आहे, खायला लागलंय" म्हणून पिल्लं सर्रास हातात दिली जातात. इटलीतल्या संशोधकांनी २०११ साली १४० कुत्र्यांची माहिती जमवली. तीस-चाळीस दिवसांत आईपासून तोडलेल्या कुत्र्यांत मोडतोड, अति भुंकणं, फिरायला नेताना भिणं, खाण्यावरून आणि खेळण्यावरून तंटा या तक्रारी दोन महिने आईजवळ राहिलेल्यांपेक्षा जास्त निघाल्या. पिल्लू बघायला गेलात तर आई आणि भावंडं समोर दाखवा म्हणावं. जो दाखवत नाही त्याच्याकडून घेऊ नये.

आलं ते आलं, आता घरात भावंडांची जागा माणसांनी घ्यायची. आपली कातडी केसाळ नाही, सैलही नाही. भावाच्या मानेवर जे चालतं ते आपल्या मनगटावर चालत नाही, म्हणून माप नव्याने लावावं लागतं. दात लागले तर हात ओढायचा नाही, सैल सोडायचा. आजी म्हणाली ते अगदी खरं, पळती वस्तू पकडायची असते हे त्याच्या हाडात आहे. छोटंसं "आई गं!" म्हणायचं आणि खेळ थांबवायचा. काही पिल्लं आवाजाने उलट जास्त चेकाळतात. तिथे गप्प उठून, दार लोटून अर्धं मिनिट पलीकडे जायचं. मग परत येऊन तोच खेळ. सुरुवातीला फक्त जोराच्या चाव्याला हे करायचं, आठवड्याभराने मध्यम चाव्याला, पुढे दात टेकले तरी. हे घरातल्या सगळ्यांनी सारखंच करायला हवं, आणि तिथेच घोडं पेंड खातं. आई खेळ थांबवते, दादा त्याच पिल्लाशी हाताने कुस्ती खेळतो. पिल्लाने कुणाचं ऐकायचं?

नाकावरची टिचकी आणि तिखट यांनी मापाचा धडा मिळत नाही; हात जवळ आला की काहीतरी वाईट होतं एवढंच कळतं. उताणं पाडून दाबण्यामागची 'अल्फा'ची कल्पना १९४७ साली रुडॉल्फ शेंकेलने बासेलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवरून मांडली. पुढे डेव्हिड मेकने रानातले कळप पाहिले, तर ते आई-बाप आणि त्यांची पोरं निघाले. १९९९ साली त्याने हा शब्द सोडावा असं लिहूनही टाकलं. बुलडॉगच्या बाबतीत तर असं दाबून धरणं धोक्याचंच. त्याची श्वासाची वाट आधीच अरुंद, आणि अंगातली उष्णता बाहेर टाकायची ती धापा टाकूनच. एप्रिल-मे महिन्यात पिंपरी-चिंचवडला पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा मस्ती पहाटे नाहीतर रात्री उशिरा, तीही पाच मिनिटांची. जीभ-हिरड्या निळसर दिसल्या तर खेळ तिथेच थांबवून सावलीत पाणी मारायचं आणि डॉक्टर गाठायचा.

एक गोष्ट शिफ्टवाल्या घरांना मुद्दाम सांगण्यासारखी. पिल्लाला दिवसाकाठी अठरा-वीस तास झोप लागते. कुणी पहाटे निघतंय, कुणी रात्री परततंय, मधे मुलं शाळेतून येतायत, आणि येणारा प्रत्येक जण त्याला उठवून खेळवतोय. झोपमोड झालेलं पिल्लू बेभान चावतं. त्याला शिस्त नाही, अंधारी शांत जागा हवी असते. ताठरलेलं अंग, रोखलेली नजर, ताटलीवर मान घालून धरलेला श्वास हा प्रकार मात्र खेळातला नव्हे. तिथे जाणकार डॉक्टरला दाखवावं. आणि रक्त आलं तर पिल्लू घरचं, एवढंसं, असं म्हणून सोडू नये. जखम साबणाच्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि दवाखाना गाठायचा. रेबीजची पहिली लस पिल्लाला साधारण तीन महिन्यांनी मिळते, आणि चावण्याचा भर नेमका त्याच्या आधी असतो.

चौथ्या महिन्यापासून चावण्याला दुसरं कारण जोडलं जातं. पक्के दात खालून यायला लागतात, तशी शरीरातल्याच खास पेशी दुधाच्या दातांची मुळं विरघळवू लागतात. मूळ गेलं की वरचं टोपण सुटतं; पिल्लू ते बहुधा गिळून टाकतं, म्हणून घरात दात फारसे सापडत नाहीत. हिरड्या शिवशिवतात, मग सोफ्याचा पाय, चपलेचा अंगठा, पायपुसणं. पिळून गोठवलेलं ओलं फडकं किंवा फ्रीजरमधलं जाडजूड गाजर द्यावं, तेही समोर बसून. शिजवलेलं हाड नको, त्याच्या किरच्या होतात. जुनी चप्पल नको, त्याला जुनी-नवी कळत नाही.

येणारे दात ४२. लांब थोबाडाच्या गावठी कुत्र्यातही ४२, आणि बुलडॉगच्या एवढ्याशा जबड्यातही ४२. जनुकाने हाड आखूड केलं, दातांची संख्या तशीच ठेवली. मग दात आडवे वळून बसतात, एकमेकांवर चढतात, कधी दुधाचा सुळा पडायचं नाव घेत नाही आणि पक्का त्याच्या शेजारीच उगवतो. दोघांच्या फटीत अन्न अडकून हिरडी सडते. सहाव्या-सातव्या महिन्यात दर आठवड्याला ओठ वर करून बघावं. राहिलेला दात काढायला भूल द्यावी लागते, आणि चपट्या नाकाच्या कुत्र्याला भूल देणं जोखमीचं असतं. तेव्हा नसबंदी करायचीच असेल तर दात त्याच वेळी काढता येईल का, हे डॉक्टरला आधीच विचारून ठेवावं.